मागची पडवी

बोईसर,
२० जानेवारी १९६७

ती. मावशी,

मायना कसा लिहायचा ते मला अजून येत नाही. आमच्या शाळेत 'डिअर आँटी'च्या पुढे कोणी शिकवलं नाही. तेव्हा साधा नमस्कार घे.

परवा पालघरला तुझ्याकडे हळदीकुंकवाला आले, तर तू बाहेरची. तुझ्या सासूबाईंनी वाण दिलं, तिळगूळ दिला, आणि म्हणाल्या, "ती मागच्या पडवीत बसलीय. लांबूनच बोल हो." मी लांबूनच बोलले. पण लांबून जे दिसलं ते विचारल्याशिवाय राहवत नाही. मी शाल गुंडाळून उभी, आणि तू उघड्या पडवीत पंख्याने वारा घेतेस! चेहरा कानापर्यंत लाल, मानेवरून घाम. आणि जरा वेळाने तूच पदर लपेटून काकडायला लागलीस.

मावशी, तू सत्तेचाळीसची ना? कॉलनीच्या लायब्ररीत मला बायकांच्या शरीरावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालंय. त्यात अगदी हेच आहे. पाळी जायच्या सुमाराला अंगातून एकदम वाफ निघते, झोप उडते, छाती धडधडते, कारण नसताना रडू येतं. तुला हे सगळं होतं का? तू अजून बसतेस म्हणजे पाळी गेलेली नाही, पण जायच्या आधीसुद्धा होतं म्हणे. कोणा डॉक्टरला दाखवलंस का? यावर उपाय असतात. लपवायचं यात काहीच नाही. लगेच कळव.

तुझी,
उषा

*

पालघर,
२७ जानेवारी १९६७

चि. सौ. उषास आशीर्वाद.

नमस्कार पोचला, मायन्यावाचून काही अडलं नाही. पण पोस्टकार्ड? अगं, पाळी, घाम, छाती, सगळं उघड्या कार्डावर! आमचा पोस्टमन पुंजाराम वाटेत वाचत वाचत येतो. तुझं अक्षर त्याला लागलं नाही म्हणून वाचले. यापुढे अंतर्देशीय घालत जा. टपाल दुपारचं येतं, तेव्हा हे दुकानात असतात. सासूबाईंना वाचता येत नाही, पण पत्र आलं की त्यांना ते ऐकायचं असतं. म्हणून मी तुझं कार्ड त्यांना मनानेच वाचून दाखवलं. तू लिंबाच्या लोणच्याची कृती विचारली आहेस. त्या खूश. सांगतात, मीठ भाजून घाल, लिंबं पुसून कोरडी कर, ओला हात लावशील तर बुरशी येईल.

आता तू विचारलंस ते. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

मला पाळी नाही. पासष्टच्या गौरी गेल्या, तेव्हाची शेवटची. पुढच्या महिन्यात तारीख आली आणि काहीच नाही. त्या दिवशी पहाटेपासून अंगाची अशी आग होत होती की चुलीपुढे उभं राहवेना. मी कणकेचे हात धुतले, म्हणाले, "कावळा शिवला," आणि पडवीत जाऊन बसले. कोणी काही विचारलं नाही. कोण विचारणार? तेव्हापासून दर महिन्याला एकादशी धरून बसते. चौथ्या दिवशी न्हाते, पाचव्या दिवशी देवघरात. कपडेसुद्धा भिजवून मागे दोरीवर टाकते, दिसायला.

त्या पडवीत वारा असतो. तिथे मला कोणी हाक मारत नाही. घाम आला तर येतो, रडू आलं तर येतं. बाहेरच्या बाईला कोण जवळ येऊन बघतंय?

डॉक्टरचं म्हणशील तर औषध झालं आहे. मी ह्यांना सांगितलं, अंगात उष्णता फार झालीय. हे वैद्यांकडे गेले. वैद्यांनी विचारलं, कोणाला त्रास? ह्यांना 'बायकोला' म्हणायची लाज वाटली. म्हणाले, मलाच. वैद्यांनी ह्यांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि प्रवाळ नि गुलकंद दिला. ह्यांच्या नाडीवरचं औषध मी दोन महिने खाल्लं. गोड होतं.

मावशी

*

बोईसर,
९ फेब्रुवारी १९६७

ती. मावशी,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग उठून दार लावलं आणि परत वाचलं. चुलीत घातलं. म्हणजे स्टोव्हवर जाळलं.

मला तू चुकलीस असं मुळीच वाटत नाही. पण बसून आग जाते का? आग जायला हवी! आता ऐक, मी काय केलं ते. इथे पॉवर हाऊसच्या बांधकामावर अमेरिकन इंजिनियर आहेत, त्यांची घरं आमच्यापासून दोन रस्ते सोडून. त्यातल्या मिसेस केलींशी माझी ओळख झालीय, मी त्यांना भाजीवाल्याचं बोलणं समजावून सांगते. त्या पन्नाशीच्या. त्यांना हाच त्रास होता, आणि त्या रोज एक गोळी घेतात. बस! आग नाही, घाम नाही, रात्रभर झोप. त्या म्हणतात, त्यांच्याकडे बायका डॉक्टरसमोर बसून सरळ सांगतात, मला असं असं होतंय. किती सोपं. कोणाच्या नवऱ्याची नाडी नको.

त्यांच्याकडे बाटल्या आहेत. मी तुझ्यासाठी एक मागितली, त्यांनी दिली. रोज जेवणानंतर एक. तीन आठवडे घ्यायची, मग एक आठवडा थांबायचं, मग परत. का थांबायचं ते मी विचारलं नाही.

बाटली जमनाबरोबर पाठवते. ती चिंचणीहून आमच्याकडे मासळी घेऊन येते, आणि सुकी मासळी घेऊन पालघरच्या बाजाराला जाते. तिला एवढंच सांगितलं की मावशीच्या अंगाची आग होते त्याचं औषध आहे. ती हसायलाच लागली. म्हणाली, "आंग पेटतंय तं पेटू दे की, बाय! माजं दोन वरीस पेटलं. पदरानं वारा घ्यायचा नि 'बोंबील घ्या' करून वरडायचं. आमी नाय लपवत. लपवून घाम थांबतो काय?"

मी ठरवलंय, महिला मंडळात या विषयावर एक भाषण ठेवायचं. मुंबईहून लेडी डॉक्टर बोलवायच्या. सगळ्यांना कळलं पाहिजे.

उषा

*

पालघर,
२० मार्च १९६७

चि. उषास आशीर्वाद.

बाटली पोचली. बुचाला अजून सुकटीचा वास आहे. जमनाने दारात टोपली उतरवली, सासूबाईंनी घासाघीस केली, आणि त्या पैसे आणायला आत वळल्या तशी तिने बाटली माझ्या ओच्यात टाकली. म्हणाली, "घे बाय, परदेसातला जवळा. जपून खा." तुझी ही जमना मला आवडली.

आठ-दहा दिवस काही नाही. मग एका रात्री झोपले ती सकाळी सासूबाईंनी हलवून उठवलं. त्या घाबरल्या होत्या, मी त्यांच्या आधी उठले नाही असं एकोणतीस वर्षांत झालेलं नाही. उषा, मी झोपले होते! आता चुलीपुढे उभी राहते, सगळा स्वयंपाक करते, आणि गळ्याशी घाम नाही. ह्यांच्यावर ओरडले त्याला पंधरवडा झाला असेल. हे विचारतात, तुला बरं आहे ना?

तू म्हणालीस तसं तीन आठवड्यांनी थांबवून पाहिलं. तिसऱ्याच रात्री परत वाफ. मग म्हटलं, कशाला थांबायचं, आणि चालूच ठेवली.

बसणं मात्र सोडलं नाही. तू म्हणशील, आता आग नाही तर कशाला? ते मलाही सांगता येणार नाही. यावेळी बसले तेव्हा ह्यांच्या स्वेटरचा एक हात विणून झाला. लोकरीला विटाळ नाही ना. एक मात्र आहे. मी बसते तेव्हा सासूबाईंना चुलीशी बसावं लागतं. भाकरी थापून उठताना त्या गुडघा धरतात. ते पडवीतून दिसतं, म्हणून मी तिकडे पाठ करून विणते.

तुझं मागचं पत्र वाचून दाखवलं. तू विचारलंस की बरणी उन्हात ठेवायची का. त्या म्हणतात, तोंडाला फडकं बांधून ठेव.

मावशी

*

बोईसर,
२८ मार्च १९६७

ती. मावशी,

मला इतका आनंद झाला की मी मिसेस केलींना जाऊन मिठीच मारली. त्या सुट्टीवर अमेरिकेला निघाल्यात, सामान बांधत होत्या. दुसरी बाटली मागायची राहून गेली, तेव्हा आहे ती जपून वापर.

भाषणाची मात्र फजिती. लेडी डॉक्टर मुंबईहून आल्या, हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, सतरंज्या घातल्या. आलं कोण? मी, सेक्रेटरी, आणि हॉलच्या चाव्या ठेवणारा पंढरी, आणि तोही विषय ऐकून बाहेर जाऊन उभा राहिला. डॉक्टरबाई चहा पिऊन गेल्या.

पण पुढे ऐक. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागच्या दाराशी बायका यायला लागल्या. पहिल्या आल्या त्या विरजण मागायला. वाटी हातात घेऊन उभ्याच. मग म्हणाल्या, "माझ्या एका वहिनींना रात्री फार घाम येतो, तर त्या बाई काय सांगणार होत्या?" संध्याकाळी दुसऱ्या, विरजण. त्यांच्या नणंदेला. आठवडाभर मी विरजण वाटतेय. या कॉलनीत सगळ्यांच्या वहिन्यांना, नणंदांना त्रास आहे, स्वतःला कोणालाच नाही.

आणि सासूबाईंना सांग, मी खरंच लिंबाचं लोणचं घातलंय. मीठ भाजून.

उषा

*

पालघर,
१९ एप्रिल १९६७

चि. उषास आशीर्वाद.

घाईत लिहिते. घरात चैत्रगौर बसली आहे, शुक्रवारी हळदीकुंकू, कैऱ्या किसायच्या आहेत.

बाटली या महिन्याच्या सुरुवातीला संपली. एक गोष्ट झाली, ती, त्या बाई अजून निघाल्या नसतील तर, त्यांना विचारून कळव. मी नेहमीप्रमाणे बसले, उठले, न्हाले, पूजेला लागले. आणि त्यानंतर आली. खरीच. दीड वर्षांनी. पहिल्यांदा बघून हसूच आलं, म्हटलं, परदेशी औषधाने मी तरुण झाले की काय.

पण आता बसू कशी? बसून उठल्याला चारच दिवस झाले होते. लगेच परत बसले तर सासूबाई सुईणीला बोलावतील, आणि राहीबाई सुईण हात लावूनच सांगेल की हिचं केव्हाच गेलंय. म्हणून कोणाला बोलले नाही. नुसतीच वावरते आहे. देवाला हात लावत नाही, लांबून फुलं टाकते. पण गौरीचा नैवेद्य माझ्याच हातचा, डाळ माझ्या हातची, पन्हं माझ्या हातचं. खोटी होती तेव्हा पडवीत बसले, आणि खरी आहे तर देवघरात उभी आहे. याचं काय ते मी नंतर बघेन.

दुखत काही नाही. फक्त थांबत नाही.

मावशी

*

बोईसर,
२२ एप्रिल १९६७

मावशी,

हे पत्र नीट वाच, आणि यावेळी माझंच वाच.

मिसेस केली गेल्या. म्हणून मी कॉलनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. 'माझ्या एका नातेवाईक बाईंना' असंच म्हणाले, विरजणवाल्या बायकांसारखं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "गोळ्या कोणी दिल्या?" मी सांगितलं. ते म्हणाले, वर्षभर बंद असलेली पाळी परत दिसली तर ती पाळी समजायची नाही, ती तपासून घ्यायची. गोळ्यांनी झालं असेल, गोळ्या थांबल्याने झालं असेल, किंवा दुसऱ्या कशाने. कशाने ते बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. ते दुसरं काय, त्याचं नाव त्यांनी घेतलं. मी इथे लिहीत नाही. तुला कळलंच असेल.

तू लगेच लेडी डॉक्टरकडे जा. आणि मावशी, एक गोष्ट सांगायलाच हवी. पाळी केव्हा बंद झाली ते खरं सांग. ते सांगितलं नाहीस तर त्यांना वाटेल, वयाप्रमाणे जरा जास्त जातंय, आणि त्या टॉनिक देऊन तुला घरी पाठवतील. तू जे लपवलंयस त्यातच तुझा सगळा आजार आहे.

जमना काल आली होती. तुला बाजाराच्या दिवशी बघितलं म्हणाली. "तुमची मावशी पांडरीफटक झाली, बाय. काय ता परदेसी दिलात? तिला बगा आदी."

मी येऊ का? कळव, मिळेल त्या गाडीने येते.

उषा

*

पालघर,
९ मे १९६७

चि. उषास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. अजून पडूनच लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय.

तुझं पत्र आलं तेव्हा सासूबाई समोरच होत्या. मी वाचलं, "उषा म्हणते, लोणच्याला खार सुटत नाही, काय करू?" त्या म्हणाल्या, "रोज हलव म्हणावं, आणि धीर धर." तेच मी स्वतःला सांगितलं आणि धीर धरला. चूक झाली.

हळदीकुंकू आम्हाला पुढे ढकलावं लागलं होतं, ते त्या मंगळवारी झालं. बायका बसलेल्या. मी पन्हं ओतत होते, आणि एकदम कोणीतरी दिवा बारीक केल्यासारखं झालं. शुद्धीवर आले तर पातेलं एकीकडे, मी एकीकडे, आणि सासूबाई माझ्या तोंडावर पाणी मारतायत. त्यांनी लुगडं पाहिलं. बायकांना डाळ बांधून देऊन वाटेला लावलं आणि टांगा बोलावला.

स्टेशनाकडे एक नवी लेडी डॉक्टर आली आहे. तुझ्याच वयाची असेल. तिने मला विचारलं, "शेवटची कधी आली होती?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मला विचारा. एकादशीला बसली होती. दर महिन्याला बसते. तुम्ही पंचांग चुकाल, पण हिचं चुकायचं नाही."

तोऱ्यात म्हणाल्या गं. सून चांगली आहे असं सांगावं तसं.

डॉक्टरने लिहून घेतलं. म्हणाली, "या वयात कधीकधी जास्त जातं, आजी. अशक्तपणा आलाय. लोहाचं औषध देते, महिनाभर द्या." कागद दिला. सासूबाई गुडघा धरून उठल्या. मी त्यांच्या मागे पडद्यापर्यंत गेले. तू लिहिलं होतंस, टॉनिक देऊन घरी पाठवतील. अगदी तस्सं. बाहेर टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता. मला वाटलं, बसावं टांग्यात आणि जावं.

मग मी परत फिरले.

म्हणाले, "डॉक्टर, ते खरं नाही."

"कोणतं?"

"बसते ते. मला दीड वर्षाच्या वर पाळी नाही. मी नुसतीच जाऊन बसत होते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. सासूबाई पडदा धरून उभ्या होत्या. त्यांनी तो सोडला नाही. डॉक्टरने दिलेला कागद परत मागितला, फाडला, आणि मला म्हणाली, "इथे झोपा."

गोळ्यांचंही सांगितलं. त्यावर ती खूप रागावली. तुझं नाव विचारत होती, मी दिलं नाही. दोन दिवस तिने ठेवून घेतलं, पिशवी आतून साफ केली आणि जे निघालं ते मुंबईला तपासायला पाठवलंय. रक्त थांबलं आहे. उत्तर यायला वेळ लागेल म्हणते.

ह्यांना सासूबाईंनी एवढंच सांगितलं, "तिला पडून राहायला सांगितलंय." बाकीचं नाही. मला वाटलं होतं, घरी आल्यावर ओरडतील, चार जणींत काढतील. काही नाही. त्या दिवसापासून त्याच चुलीशी आहेत. ताट आणून ठेवतात आणि जातात. माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

येऊ नकोस. आलीस तर मला रडू येईल, आणि त्यांना ते दिसेल.

मावशी

*

बोईसर,
१३ मे १९६७

मावशी,

काय लिहू. का थांबायचं ते मी विचारलं नव्हतं. मिसेस केलींना ते माहीत होतं, त्यांच्या डॉक्टरने त्यांना सांगितलं असणार. मला फक्त गोळी दिसली.

आता विरजणाला येतात त्यांना मी एकच सांगते, वहिनींना घेऊन डॉक्टरकडे जा, आणि वहिनींनाच बोलू द्या. दोघी जाऊन आल्या.

मुंबईचं उत्तर आलं की त्याच दिवशी कार्ड टाक. 'लोणचं चांगलं आहे' किंवा 'लोणचं बिघडलं' एवढंच लिही, मला कळेल.

लोणचं मुरलंय. एक बरणी जमनाबरोबर पाठवते. सासूबाईंना दे.

उषा

*

पालघर,
१८ जून १९६७

चि. उषास आशीर्वाद.

'लोणचं चांगलं आहे' हे कार्ड तुला मिळालं असेल. डॉक्टर म्हणाली, पिशवीत वाईट काही नाही. तुझ्या गोळ्यांचाच प्रताप. पण पुन्हा कधी असं दिसलं तर दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं, असं दोनदा बजावलंय. आग परत सुरू झाली आहे. तिने सांगितलं, सैल पोलकी घाला, चहा कमी करा, कोकमाचं सरबत घ्या, आणि होतंय तेव्हा घरात सांगा. मी विचारलं, यातलं औषध कोणतं? ती हसली.

आता बरणीचं सांगते. जमनाने ती सासूबाईंच्याच हातात दिली. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, फोड जिभेवर ठेवली. आणि माझ्याशी बोलल्या. महिना होऊन गेला होता गं.

"मीठ भाजून घातलंय. म्हणजे ती पत्रं तरी खरी होती?"

मी म्हटलं, "नाही. ती मीच रचत होते. तिने लोणचं मागाहून घातलं."

"हं." त्यांनी बरणीला परत फडकं बांधलं. "आणि खरं काय लिहायची ती?"

मी सांगितलं. सगळं, वैद्यांच्या नाडीपासून. नाडीपाशी त्यांनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "माझं कधी गेलं ते मला आठवत नाही. चुलीशी दुसरं कोणी असतं तर बसले असते, मग आठवलं असतं. विहिरीवर जायचे आणि ओला पदर डोक्यावर घ्यायचे. तुझे सासरे म्हणायचे, हिला पाण्याचा नाद आहे."

मी बरणी उचलून फळीवर ठेवली.

"तू बसलीस त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण मला भाकऱ्या थापायला लावून माझ्या समोर स्वेटर विणलास!"

त्या रात्रीच्या भाकऱ्या मी थापल्या.

आज एकादशी. सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. सासूबाईंनी खुंटीवरची घोंगडी काढली, तांब्या घेतला, माझा पंखा घेतला, आणि मागच्या पडवीत जाऊन बसल्या. हे दात घासत होते. म्हणाले, "आई, तिथे काय करतेस?"

"बसलेय."

"म्हणजे?"

"म्हणजे बसलेय. चार दिवस मला शिवू नका. आणि हाक मारू नका."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी चहा गाळला. मग शेजारची रखमाबाई कुंपणावरून डोकावली आणि तिने विचारलं, "अगंबाई, सासूबाई आज पडवीत कशा?" त्यावर त्यांनी पडवीतूनच ओरडून सांगितलं, "वय झालं की परत सुरू होतं! तुला माहीत नाही?" ती बिचारी घरी जाऊन कोणाकोणाला सांगत असेल, देव जाणे.

मी चहा नेला. म्हणाल्या, "लांबून ठेव." ठेवला. तेवढ्यात माझ्या अंगातून वाफ निघाली, गळ्यापासून डोक्यापर्यंत. मी उंबऱ्यावरच बसले आणि म्हटलं, "होतंय." त्यांनी पंखा जमिनीवरून माझ्याकडे सरकवला. लांबूनच.

उतरेपर्यंत बसले. मग ह्यांना सांगितलं, आम्हा दोघींचा उपास, तुमच्यापुरता भात आज तुम्ही लावा. हे पातेलं घेऊन उभे. विचारतात, "पाणी किती?"

मी सांगणार होते, पण पडवीतून आवाज आला, "तांदळाच्या वर बोटाची दोन पेरं. आणि ढवळत बसू नकोस."

मावशी